चार उंदरांची कॉफी

गुंडूरावांनी कॉफीचा फिल्टर माळ्यावर टाकला त्याला महिना होत आला होता, आणि आज विद्याला पाहायला मंडळी येणार होती.

"बंगळुरात पाहुण्यांना कॉफी द्यायची नाही? स्थळ हातचं जाईल हो!" भागीरथीबाई कळवळून म्हणाल्या.

"जिऱ्याचा कषाय उकळून दे. कॉफीनं स्मरणशक्ती जाते. शास्त्रीय मासिकात आलंय. प्रूफं मीच तपासलीत, एक चूक सापडायची नाही!"

गुंडूराव शिवाजीनगरातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जे बिनचूक छापलं ते खरं, हा त्यांचा हिशोब. एकदा पंचांगात एक काना निसटला होता, तर त्या वर्षीची संक्रांत त्यांनी शंकेनेच साजरी केली.

पाहुणे आले. मुलगा नागनाथ एका प्रयोगशाळेत होता. त्याच्या आईने, अनुसूयाबाईंनी, एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"आमच्याकडे हे ताप आला की देतात," त्या म्हणाल्या आणि नजरेनेच चपला शोधू लागल्या. भागीरथीबाईंचा धीर सुटला. नागनाथने मात्र तोंड वाकडं न करता अख्खा पेला संपवला. विद्याला तो तिथेच आवडला.

गुंडूरावांनी तेवढ्यात मासिकच पुढे केलं. "वाचा! 'कॉफी आणि स्मृतिनाश'. केवढ्या ठळक टाइपात आहे!"

नागनाथला ठसका लागला. "हे... माझंच आहे. साहेबांच्या नावाखाली बारीक टाइपात बघा."

"मग तर प्रश्नच मिटला!"

"नाही हो काका. उंदीर होते चार. कॉफी पाजलेले दोघं वाट चुकले, त्यातल्या एकाला मुळात दिसत नव्हतं. साहेबांना छापायची घाई. शेवटी मी लिहिलंय की, एकाच प्रयोगावरून काही ठरवू नये. तुम्ही वाचलंत ना?"

"अक्षर न् अक्षर तपासलं. अर्थ नाही वाचत मी. अर्थात शिरलं की चुका निसटतात." गुंडूराव जरा चाचरले, पण हटले नाहीत. "आणि माझा अनुभव? कॉफी सोडल्यापासून बुद्धी लख्ख झालीय. परवा मुंजीतल्या आचाऱ्याचं नाव आठवलं!"

भागीरथीबाईंना आता राहवलं नाही. "खजुराच्या बियांचं पेय म्हणून रोज सकाळी पिता ना, ती कॉफीच आहे. फिल्टर शेजारच्या तानूबाईंचा. स्वल्प गूळ घालते, एवढंच."

अनुसूयाबाई पोट धरून हसल्या. "अय्यो अक्का! मग तीच आणा की आधी!"

कॉफी आली. दुसरा पेला संपवून अनुसूयाबाईंनी जाहीर केलं, "सरी, ठरलं! मुलगी पसंत."

गुंडूरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच विद्या पहिल्यांदा बोलली. "पण मला मुलगा पसंत आहे का, हे एकाच भेटीत कसं सांगू? यांनीच लिहिलंय तसं."

भागीरथीबाईंनी कपाळावर हात मारला. नागनाथचा चेहरा मात्र फुलला. "बरोबर आहे. प्रयोग पुन्हा करायला हवा. पुढच्या रविवारी येऊ?"

तो पुढच्या रविवारी आला आणि नंतरचे बरेच रविवार येत राहिला. निष्कर्ष दोघांनाही पहिल्याच दिवशी कळला होता, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

लग्नपत्रिकेची प्रूफं अर्थातच गुंडूरावांकडे आली. 'आमची कन्या' इथपर्यंत ते पोचले आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्थात शिरले. डोळे भरून आले, पुढचं धूसर दिसू लागलं, तरी त्यांनी खाली सही ठोकली.

पत्रिकेतल्या चुकलेल्या तारखेवर विसंबलेले निम्मे पाहुणे लग्नाच्या आदल्या दिवशीच येऊन बसले, आणि सगळ्यांना कॉफी पुरली नाही.