थोरल्या भावाच्या नावाचं रक्त

"म्हणजे काहीच करायचं नाही?" तपासनीसांनी डॉक्टरांना तिसऱ्यांदा विचारलं.

"करायचं आहे ना. लक्ष ठेवायचं. तुमच्या प्रोस्टेटमधली गाठ कॅन्सरची आहे, पण लहान आहे, मंद आहे. दर सहा महिन्यांनी पीएसएची रक्ततपासणी, वर्षभराने पुन्हा तुकडा काढून पाहू. वाढतेय असं दिसलं तर उपचार आहेतच. आजच ऑपरेशन करून लघवीचे त्रास कशाला मागे लावून घ्यायचे?"

तेहेतीस वर्षं आगगाडीत तिकिटं तपासलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: जो फार गोड बोलतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. कॅन्सर म्हणायचं आणि साधी गोळीही द्यायची नाही? अर्थ उघड होता. प्रकरण हाताबाहेर गेलं होतं आणि सगळे मिळून ते लपवत होते.

घरी पुरावे सापडायला वेळ लागला नाही. चहात तिसरा चमचा साखर घातली तरी बायको काही बोलली नाही. सुनेने टीव्हीचा रिमोट आपणहून हातात दिला. आणि मुलगा "बाबा, तुमचंच बरोबर," असं म्हणाला, तेव्हा तर तपासनीसांची खात्रीच पटली.

पेशंटच्या तोंडावर खरं सांगत नाहीत, नातेवाइकाला सांगतात. म्हणून त्यांनी आपलीच फाइल काखोटीला मारली आणि लांबच्या एका दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले.

"पेशंट माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "काय असेल ते स्पष्ट सांगा. मी मन घट्ट करून आलोय."

बाईंनी कागद उलटूनपालटून वाचले. "आत्ता तरी घाबरण्यासारखं काही नाही. नुसतं लक्ष ठेवायचा सल्ला अगदी योग्य आहे. तुम्ही सख्खे भाऊ?"

"एकदम सख्खे."

"मग तुमची तपासणी झालीय? सख्ख्या भावाला हा कॅन्सर असला की आपल्याला होण्याची शक्यता वाढते. सिस्टर, यांचं रक्त घ्या!"

नाही म्हणावं तर बिंग फुटणार. तपासनीसांनी मुकाट्याने बाही वर केली. फॉर्मवर आपल्या खऱ्याखुऱ्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं, वयही त्याचंच लिहिलं, आणि फोन नंबर मात्र सवयीने आपल्या घरचा.

दोन दिवसांनी फोन वाजला, तो बायकोने घेतला. "त्यांचा पीएसए वाढलाय, लवकर घेऊन या," पलीकडून सांगितलं आणि नाव घेतलं थोरल्या दिरांचं. तिने घाबरून दिरांना कळवलं. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तासाभरात ते ग्रीसने माखलेल्या हातांनी दारात हजर, आणि मागे डोळे पुसत वहिनी.

"अरे, मी दवाखान्याची पायरी चढलो नाही! माझं रक्त त्यांच्याकडे गेलं कसं?"

तपासनीस वर्तमानपत्राच्या आड गेले. बायकोने ते खाली ओढलं.

"अहो, तुम्ही दादांच्या नावाने रक्त दिलंत?"

"मग काय करू? तुम्ही सगळे माझ्यापासून लपवत होतात!"

"काय लपवत होतो?"

"साखर! साखरेवरून बोलायचं का बंद केलंस?"

"डॉक्टर म्हणाले, माणसाला जरा आनंदात ठेवा. चुकलंच माझं."

दादा हसू लागले, पण वहिनी हसल्या नाहीत. "आता निघालोच आहोत घरातून, तर यांचं खरं रक्त देऊन टाकू. लघवीला सारखे पळतात. विचारलं की म्हणतात, पाणी जास्त झालं."

दादांचा खरा आकडा तपासनीसांच्या दुप्पट निघाला. तुकडा तपासला, तर गाठ चांगलीच चपळ होती. पण ग्रंथीबाहेर गेली नव्हती. लक्ष ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. दादांनी ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशनच्या दिवशी तपासनीस बाकावर टेकले म्हणून नाहीत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वेळेवर सापडली. पूर्ण निघाली," असं त्या म्हणाल्या, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दादांनी खाटेवरून त्यांचा हात धरला. "तुझ्या थापेने वाचलो रे. पुढच्या महिन्यात तुझी तपासणी आहे ना? तोवर मी हिंडाफिरायला लागेन. मीही येतो तुझ्याबरोबर."

तपासनीसांनी हात सोडवून घेतला आणि डोळे बारीक केले.

"का? डॉक्टर काही बोलले तुला?"