तपासणीची बस

तपासणी कोणतीही असो, डोमाजी गुरुजींच्या हातून ती कधी नापास झाली नव्हती! साहेब यायचा म्हटलं की शाळेच्या भिंती सारवल्या जात, पोरांची नखं कापली जात, आणि वर्गातलं सगळ्यात ढ पोरगं त्या दिवशी नेमकं मामाच्या गावाला गेलेलं असे.

म्हणून हैदराबादहून बसचे साहेब येणार हे कळताच गुरुजी बायकोला म्हणाले, "रेणुका, सकाळची दुसरी बस आणूनच दाखवतो, पाह्य तू!"

गुरुजींच्या तामसीकडच्या गावातून आदिलाबाद गाठायला किती वेळ लागतो, ते साहेब स्वतः बसमध्ये बसून मोजणार होते. शहर दूर पडतं असं दिसलं, तर दुसरी बस मंजूर! गुरुजींची लेक सुजाता आदिलाबादच्या कॉलेजात जायची. असलेली एकुलती बस पोचेपर्यंत तिचे सकाळचे तास बुडालेले असत. हजेरी भरली नाही तर परीक्षा विसरा, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

गुरुजी कामाला लागले. ड्रायव्हर नागोरावला म्हणाले, "उद्या तपासणी हाये! बस धुऊन आणजा. वाटेत चहा नाही, विडी नाही!"

"गुरुजी, बिनाचहाची बस चालन काय?"

"चालन! गावाच्या इज्जतीचा सवाल हाये!"

रोज कोंबड्या पकडून होईस्तोवर बस अडवून ठेवणाऱ्या चंपाबाईला त्यांनी घरीच बसवलं.

दुसऱ्या दिवशी बस चक्क वेळेवर आली! म्हातारी माणसं घाबरलीच. सगळे प्रार्थनेसारखे रांगेत चढले, आणि नागोरावनं अशी हाणली की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा आपण होऊन बाजूला झाल्या.

"बाबा, जरा दमानं जाऊ द्या ना," सुजाता कानाशी कुजबुजली.

"गप राह्य! पयला नंबर येऊन राह्यला आपला!"

आदिलाबाद इतक्या लवकर आलं की स्टँडवरचा चहावाला अजून दात घासत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि गुरुजींची पाठ थोपटली. "वाह मास्टर साब! शहर तो एकदम नजदीक है! दूसरी बस की क्या जरूरत?"

गुरुजींच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला!

"नहीं साब! रोज ऐसा नहीं रहता! रोज बहुत लेट!"

"मतलब, आज हमको धोका दिया? ड्राइवर को बुलाओ!"

नागोरावचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. घरी चार लेकरं होती बिचाऱ्याची. गुरुजींनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि मान खाली घातली.

"नहीं साब. रोज ऐसाच रहता."

दुसरी बस आली नाही. आली ती एक पाटी, 'आदर्श मार्ग' लिहिलेली. ती थांब्यावर ठोकली. सुजाताला आदिलाबादला आत्याकडं ठेवावं लागलं. "पोरीबिना घर खायला उठते," म्हणत रेणुकाबाई दर रविवारी चकल्यांचा डबा भरून देतात, आणि गुरुजी तो मांडीवर घेऊन त्या पाटीखाली बसून राहतात.

परवा एका परगावच्या पाहुण्यानं विचारलं, "काय गुरुजी, बस वेळेवर येते ना इथं?"

गुरुजींनी वर पाटीकडं पाहिलं.

"येते ना. साहेब आत असले म्हणजे."