नव्वद सेकंद

आमचे मुळे सर कुणाला ‘कसा आहेस’ म्हणून विचारत नसत. स्टॉपवॉच दाबून म्हणत, ‘दारातून खुर्चीपर्यंत अकरा सेकंद. त्यातले सात बूट काढण्यात. दोष तुझ्यात नाय, नाड्यांत आहे.’

वाळूजच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर रूमबाहेर पादत्राणं काढायची, देवघरासारखी. आत एका दणकट कॉम्प्युटरच्या पोटात दहा आभासी कॉम्प्युटर चालत. सर त्यांना ‘भाडेकरू’ म्हणत आणि कोण उठायला किती वेळ लावतो ते वहीत लिहीत. मी तिथं कंत्राटी मदतनीस. बाहेर कामगारांची पत्रकं लिहायचो. पत्रक म्हणजेच पुरावा, असं वाटायचं ते वय.

हजेरीचा भाडेकरू सगळ्यांत आळशी. सर पहिल्या पाळीच्या बसनं येत आणि आल्या आल्या त्याला बंद करून पुन्हा चालू करत. तसा शिरस्ताच होता. तो डोळे उघडेपर्यंत फाटकावर अंगठा टेकायला रांग, आणि रांगेच्या शेपटाला उशिराचा शिक्का. तीन शिक्क्यांना एक रजा कापत. मी खवळलो. ‘यंत्र झोपतं, शिक्षा माणसाला!’ असं पत्रक लिहिलं आणि सरांच्या टेबलावर आपटलं.

सरांनी ते सावकाश वाचलं. ‘उद्गारचिन्हं लई झाली. मोजलंस का?’

‘मोजायचं काय? भंगार मशीन आहे!’

‘भंगार हे निदान नाय, शिवी आहे. बस इथं.’

त्यांनी भाडेकरू चालू केला आणि पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. ‘हे दोन सेकंद. हे चार. आणि हे बघ, नव्वद. इथं तो एक डिस्क शोधतो. सापडत नाय, तरी थांबतो.’

‘कुठाय ती डिस्क?’

‘काढली. फारूकभाईंची होती, ते वारले तेव्हा.’

फारूकभाई म्हणजे शेजारच्या खुर्चीत वीस वर्षं बसलेले सरांचे सोबती. हे सगळं त्यांनीच उभारलेलं.

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’ माझा आवाज चढला. ‘ती डिस्क शोधायला सांगणारी एक ओळ खोडायची होती, सर! तिकडं लोकांच्या रजा जातायत!’

‘व्हय,’ सर म्हणाले. ‘चुकलंच माझं. त्यांनी लिहिलेली होती ना, हात धजंना.’

मग त्यांनी ती खोडली. भाडेकरू अठरा सेकंदांत उठला. सरांनी तो आकडा वहीत लिहिला.

‘ते गेल्यापासून त्यांच्या घरी गेलो नाय मी. संध्याकाळी शहागंजला येतोस का रे? एकट्यानं जमंना.’

गेलो. जिना चढून सर दारापाशी उभे राहिले, शर्टाची बटणं चाचपत. कडीपर्यंत हात जाईना. शेवटी मीच वाजवली.