सिंहमहाराजांचा बेसबॉल

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. त्यात एक गाढव शिकवायचं. ते गाढव म्हणजे मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचे सांगतातच.

मी तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच चारा, आणि सुट्टीत आपलं आपण चरायचं. कायम होण्याची वाट बघता बघता माझे कान पांढरे झाले होते.

आमच्या कुलगुरू कोल्हीणबाई एकदा परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेल्या. तिथल्या विद्यापीठात त्यांनी बेसबॉलचं स्टेडियम पाहिलं. परत आल्या आणि म्हणाल्या, "आपल्याकडे काय कमी आहे, हे मला आता कळलं."

आम्हाला वाटलं, ग्रंथालयाचं गळकं छप्पर.

पण स्टेडियम झालं. झकास झालं. हिरवळ अशी की सशांना कुंपणाबाहेर उभं राहून आवंढे गिळावे लागले. खेळ मात्र कोणालाच येत नव्हता. विद्यार्थी म्हणाले, "विटीदांडूच आहे, फक्त विटी गोल झालीय."

उद्घाटनाला कुलपती सिंहमहाराज येणार होते. पहिला चेंडू तेच मारणार होते. बाईंनी मला बोलावलं.

"सर, अंपायर तुम्ही."

"बाई, मी तर काव्यशास्त्र शिकवतो."

"म्हणूनच. कार्यक्रम नीट पार पडला, तर तुमच्या कायम होण्याचं मी महाराजांच्या कानावर घालते."

मी नियम तोंडपाठ केले. तीन चेंडू हुकले की खेळाडू बाद. इतका सरळ नियम मला आधी कुठल्याच शास्त्रात भेटला नव्हता. मी खूश झालो.

चेंडू टाकायला टिकली नावाची वानरी होती. माझीच विद्यार्थिनी. तिचा नेम असा, की उडता डास पाडेल.

"सर, हळू टाकू ना?" तिने विचारलं.

"अगं, अगदी हळू."

तिने पहिला चेंडू पिकलं फळ गळावं तसा टाकला. महाराजांनी दांडू फिरवला. हुकला. दुसरा त्याहून हळू. हुकला. तिसऱ्याला महाराज स्वतःभोवती फिरले आणि शेपटीत पाय अडकून खाली बसले.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"सर," टिकली हळूच म्हणाली, "तीन झाले."

मला भीती वाटली. लाजही वाटली, पण तिचा नंबर भीतीनंतर लागला. मी मान ताठ केली, पुढचा पाय उचलला आणि खणखणीत आवाजात ओरडलो,

"चेंडू बाद!"

आधी बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी.

"आम्हाला वाटलंच होतं," महाराज उठत म्हणाले. "चेंडूच खोटा होता."

टिकलीने चेंडू हिरवळीवर ठेवला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वसतिगृहाकडे चालू लागली. मी दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे पाहायला स्टेडियम फार मोठं होतं.

बाई शब्दाच्या पक्क्या निघाल्या. "महाराज, हे आमचे सर. गुणी आहेत. यांना कायम करावं म्हणते."

महाराजांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांचे डोळे पाणावले.

"कायम? बाई, मागे त्या रेड्याला कायम केलंत. आता तो सभेत प्रश्न विचारतो! असं गाढव आजकाल मिळतं कुठे? याला बिघडवू नका. असाच ठेवा."

आणि त्यांनी प्रेमाने माझी पाठ थोपटली.

मी काय केलं म्हणता? वाकून म्हणालो, "आभारी आहे, महाराज."

तात्पर्य: मुलांनो, खुशामत करावी, पण मन लावून करू नये. थोडी कच्ची ठेवावी. म्हणजे निदान तोंड बंद ठेवण्यासाठी तरी आपल्याला कायम करतात.