संत्र्यांच्या सिनेमाचे निरीक्षण

पांढुर्ण्याच्या दीपालीने काढलेला सिनेमा सर्वसामान्य जनतेस विचलित करील काय, हे ठरवण्यासाठी समिती नेमण्यात आली. सिनेमात गाणे नव्हते, नायिका नव्हती. सौंसरच्या रस्त्यावर संत्र्यांची गाडी उलटते, ड्रायव्हर खाली दबतो आणि धावून आलेले लोक संत्री वेचतात. शेवटपर्यंत नुसती वेचतात. कुणी पदरात, कुणी हेल्मेटात. एकजण तर ड्रायव्हरलाच म्हणतो, "भाऊ, जरा हात सरकव."

तो ड्रायव्हर म्हणजे दीपालीचे वडील, हिरामण. घटना खरी होती, पाय तेव्हाच गेला. आपल्या गावात, सगळ्यांसोबत बसून सिनेमा एकदा पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्याच निरीक्षणात समिती हादरली. अध्यक्ष भगवंतराव घाम पुसत म्हणाले, "भयानक आहे बाप्पा! लोधीखेड्याचे लोक हुबेहूब दाखवले!" शेजारच्या लोधीखेड्याचे सदस्य गुणवंता यांना मात्र त्यात पांढुर्ण्याचेच लोक दिसले. मतभेद मिटेपर्यंत दर शनिवारी पुनर्निरीक्षण करण्याचा ठराव झाला. पोळ्यानंतर गोटमारीत, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेत, डोके फुटलेले दोन सदस्य पट्टी बांधून आले. सिनेमातल्या हिंसेवर त्यांचा विशेष आक्षेप होता.

महिलांचा दृष्टिकोन हवा म्हणून सदस्यांच्या बायकांना घेतले. मग साडू आणि व्याही तज्ज्ञ म्हणून आले. सभागृह पुरेना, तेव्हा मैदानात पडदा लागला. अल्पोपाहाराच्या तरतुदीतून संत्री येऊ लागली. वर्षे गेली, सिनेमा काही जुना होईना.

दीपाली वैतागून म्हणाली, "काकाजी, अख्ख्या गावानं पाहून टाकला. आता तरी परवानगी द्या न."

"निरीक्षण करून राहिलो न आम्ही," भगवंतराव म्हणाले. "आमचं ठीक आहे, आम्हाले समजते. लोकायचं काय?"

"लोक उरले कोण?"

चौकशी झाली. दीपाली सोडली तर समितीत नसलेला एकच नागरिक निघाला: हिरामण.

"मंग बाबाले तरी पाहू द्या."

"त्याले? बेटा, त्याच्यावर बितलेली गोष्ट आहे. विचलित झाला तर जबाबदार कोण?"

जनहितार्थ परवानगी नाकारण्यात आली. शनिवारी हिरामण मैदानाच्या कुंपणाबाहेर कुबडी टेकून उभे होते. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. त्यांना फार वाईट वाटले.

वाचकहो, आपणास मात्र सदस्यत्व विनाअट मिळेल. वाचताना आपल्याला आपले शेजारीच आठवले ना? तेवढी पात्रता पुरे.