सत्तर मिलिमीटर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला अंगठी द्यायची, तीही गुपचूप, असं टेलर मास्तरांनी ठरवलं. मोबाइलवर एक नाजूक अंगठी पसंतही पडली. पण लगेच प्रश्न आला, बोटाचा घेर किती मिलिमीटर? खाली बजावलं होतं, की मापानुसार घडवलेली अंगठी परत घेतली जाणार नाही. मास्तरांना हसू आलं. तीस वर्षांत आपलं माप एकदाही चुकलं नाही, हे ते गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवत, की बिचाऱ्यांना ते पाठ झालं होतं.

बायको दुकानातच बटणं लावत बसली होती.

"बोट दे जरा."

"कशाला?"

"टेप नवीन आहे. बरोबर दाखवते का बघतो."

"मग पट्टीला लावून बघा की!" असं म्हणत तिने बोट पुढे केलं.

सव्वादोन इंच. मास्तरांनी ते वहीत टिपलं आणि हाताच्या सवयीने अर्धा इंच सैल धरला. अंगाला काचायला नको, हा त्यांचा जुना नियम. पावणेतीन इंचाचे मिलिमीटर झाले सत्तर.

डबी आली तेव्हा मास्तर बँकेच्या मॅनेजरच्या कोटाची ट्रायल घेत होते. बाकावर दोन बायका ब्लाउजचं कापड घेऊन बसल्या होत्या. बायकोने डबी उघडली, अंगठी बोटात घातली, तर ती घरंगळून थेट मशीनखाली गेली. उचलून अंगठ्यात घातली. तिथेही ती गरगर फिरायला लागली.

"अहो, ही कुणाची?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तुझीच की. वाढदिवसाची."

"माझी? तुमचं माप कधी चुकत नाही ना?"

"छे!" मास्तर सवयीने बोलून गेले.

"मग हे कुणाच्या बोटाचं माप?"

"कंपनीने चुकीची पाठवली असेल."

"डबीवर लिहिलंय, ग्राहकाने दिलेलं माप सत्तर. कोण ही सत्तरवाली?" तिचे डोळे भरून आले. "पंचवीस वर्षांत मला साधी अंगठी नाही, आणि तिला...!"

मॅनेजर एका बाहीत हात घालून पुतळ्यासारखा उभा होता. बाकावरची कुजबुज थांबली. इकडे बायको रडत होती, तिकडे तीस वर्षांची अब्रू कान टवकारून बसली होती. मास्तरांना दोन्ही बघवेना.

"चुकलं," ते पुटपुटले. "तुझंच बोट मोजलं होतं. सवयीने अर्धा इंच जास्त धरला."

"काय? ऐकू नाही आलं."

"माझं माप चुकलं!"

बायकोने डोळे पुसले आणि फसकन हसली. "वेडे आहात अगदी!" म्हणत ती अंगठीला आतून दोरा गुंडाळायला बसली. बोटात बसेपर्यंत अर्धं रीळ संपलं, पण चेहरा असा खुलला, की मास्तरांनाही बरं वाटलं.

ते टाचण्या घेऊन कोटाकडे वळले. मॅनेजरने कोट काढून टेबलावर ठेवला होता.

"मास्तर," तो अदबीने म्हणाला, "माझं माप जरा पहिल्यापासून घेता का?"

त्याच्यामागे त्या दोघी रांगेत उभ्या होत्या.