यादी तंतोतंत जुळते

कोणाची माणसं कोण, हा प्रश्न ज्याच्या त्याच्यावर सोडणं धोक्याचं असतं. म्हणून मेसेजिंग विभागाने प्रत्येकाच्या संपर्कांची खरी यादी सर्व्हरवर ठेवली. फोनवर असते ती निव्वळ नक्कल. दोन्हींत तफावत आढळल्यास सर्व्हर बरोबर. हा नियम विभागप्रमुखांनी लिहिला, तेव्हापासून सगळे त्यांना नियमकाका म्हणतात. (तोंडावर नाही.)

वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळावरून काकांचं थोरल्या बहिणीशी वाजलं. रागाच्या भरात त्यांनी ताईला फोनमधून काढून टाकलं. सकाळी ताई परत हजर! सर्व्हरने इमानदारीने नक्कल दुरुस्त केली होती. असं सलग सात दिवस झालं.

आठव्या दिवशी काकांनी रीतसर अर्ज केला. 'संबंध संपुष्टात आणण्याचे कारण' या रकान्यात 'घड्याळ' असं लिहिलं. अर्जदार आणि मंजुरी देणारे अधिकारी एकच असल्यामुळे अर्ज चार मिनिटांत निकाली निघाला. (विभागातला हा विक्रम अद्याप अबाधित आहे.) ताई काकांच्या फोनमधून गेली, ऑफिसच्या संगणकातून गेली आणि काकूंच्या फोनमधूनही गेली, कारण घरात एकच यादी असावी, हाही नियम काकांचाच.

तीन महिन्यांनी काकू बाजारातून घाईघाईने आल्या. "अहो, ताईंची शेजारीण भेटली होती. उद्या ऑपरेशन आहे म्हणे त्यांचं! कुठल्या दवाखान्यात, ते तिलाही माहीत नाही. फोन लावा आधी."

काकांनी लगेच फोन हातात घेतला. "नंबर दे."

"माझ्याकडे कुठला? तुम्हीच नाही का घालवलात?"

काकांनी यादी ताजी करून पाहिली. फोनवरची आवृत्ती एक्केचाळीस, सर्व्हरवरची एक्केचाळीस. उत्तर आलं : 'काहीही बदललेले नाही.' नंबर पाठ नव्हता. तो पाठ करायची वेळच कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी ताईचं नाव शोधून जोडणीची विनंती पाठवली. खाली अक्षरं उमटली : 'समोरच्या व्यक्तीच्या संमतीची प्रतीक्षा.' काका पलंगाच्या कडेला बसून त्या ओळीकडे बघत राहिले. ताईचा फोन बंद होता.

विभागाचा मासिक अहवाल मात्र उत्तम आहे. याद्या जुळण्याचं प्रमाण शंभर टक्के, तक्रारी शून्य. (तक्रार कोणाकडे करायची, तो संपर्क यादीत नाही.)

वाचकहो, तुमचं हसून झालं असेल, तर हातातला फोन पालथा ठेवा आणि आपल्या सख्ख्या बहिणीचा नंबर म्हणून दाखवा.

सावकाश. आम्ही प्रतीक्षेत आहोत.